निकालाच्या आधी बाबांना सांग

ताई, सप्रेम नमस्कार.

मी उदगीरची. वय पंचवीस. सीए इंटरचे दोन्ही ग्रुप पहिल्याच अटेम्प्टमध्ये निघाले होते. पुण्यात आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसातली उमेदवारी, झाली. सीए फायनलचा दुसरा ग्रुप गेल्या वर्षी निघाला, पहिला मात्र दोनदा राहिला. आता मे महिन्यात तिसऱ्यांदा दिला आणि एएफएमचा (फायनान्शियल मॅनेजमेंटचा) पेपर फसला. चौदा मार्कांचा एक अख्खा प्रश्न राहिला. एमसीक्यू टेलिग्रामवरच्या उत्तरांशी ताडून पाहिले तर पाच चुकलेले. एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) बरा गेलाय, ऑडिटचं काही सांगता येत नाही. रोज ग्रुपच्या मार्कांची बेरीज करते. कधी १५४ होतात, कधी १४१.

निकालाला तीन आठवडे आहेत. बाबांचं कृषी सेवा केंद्र आहे. त्यांना मी पेपर चांगले गेले म्हणून सांगितलंय. ते दुकानात येईल त्याला सांगतात, "पोरगी जुलैत सीए होणार." दुकानाची जीएसटीची रिटर्नं मीच इथून भरते, त्याचंही त्यांना फार कौतुक. आईनं नवस बोललाय. मामांनी एक स्थळ आणलंय, ते लोक निकालासाठी थांबलेत. भाऊ बारावीला आहे, त्याच्या क्लासची फी बाबांनी कर्ज काढून भरली. माझी रूम आणि मेस अजून तेच देतात. आमच्याकडे निकाल घरात राहत नाही, चौकात जातो. मी घरी न जाता पुण्यातच थांबलेय, नोकरी शोधतेय असं सांगून. खरं तर बाबांसमोर उभं राहायची हिंमत नाही. रात्री तीनपर्यंत झोप लागत नाही. पुस्तक उघडलं की रडू येतं. कधी कधी वाटतं, निकालाचा दिवस उजाडायच्या आधी मीच नसले तर बरं. मी काय करू?

— उदगीरची एक मुलगी


बाळा,

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य सोडून त्याच्या आधीचं वाक्य आधी घेते. निकालाच्या आधी मीच नसले तर बरं, असं तू लिहिलंस. लिहिलंस ते बरं केलंस. आता एकच गोष्ट स्वतःला खरी खरी विचार. हा विचार येतो आणि जातो, की कसं करायचं, केव्हा करायचं इथपर्यंत पोचतो? तिथपर्यंत पोचत असेल तर पुढचं वाचू नकोस. रूमवर जी कोणी असेल तिला उठव, तिला सांग, आणि १४४१६ हा नंबर लाव. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. पलीकडचा माणूस तुला ओळखत नाही आणि तू कितव्या अटेम्प्टला आहेस हे त्याला विचारायचं नाही. विचार नुसता येऊन जात असला, तरीही आज एका माणसाला हे तोंडानं सांग. मला लिहून कळवणं पुरेसं नाही, मी तुझ्या खोलीत नाही. आणि झोप. महिनाभर तीन वाजेपर्यंत जागं राहणारं डोकं कुठल्याच गोष्टीचा सरळ विचार करू शकत नाही, म्हणून या आठवड्यात डॉक्टरांना दाखव. परीक्षेनंतर झोप उडालेली मुलं त्यांनी पाहिलेली असतात.

आता परीक्षेकडे येऊ. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एएफएमवर तू मोजून तीन वाक्यं लिहिली आहेस. बाबा, आई, मामा, भाऊ, स्थळ आणि चौक यांवर त्याच्या तिप्पट. ग्रुप राहण्याची तुला भीती आहेच, तू ती दोनदा सोसलीस आणि पुन्हा फॉर्म भरलास. या वेळी जे नवीन आहे ते एक वाक्य आहे: "पेपर चांगले गेले." ते वाक्य तू बोललीस आणि त्या दिवसापासून रोज ते सांभाळते आहेस. बाबा दुकानात जे सांगतात ते त्याच वाक्यावर उभं आहे. नवसही त्यावरच. घरी न जाणंही त्याच्याचसाठी. निकाल तुझ्या हातात नाही, ते वाक्य मात्र अजून तुझ्या हातात आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की निकाल लागायच्या आधी घरी जा आणि बाबांना खरं सांग. निकालानंतर नाही. आधी.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या वेळी फायनलला चार-चार पेपरांचे दोन ग्रुप असत. माझा पहिला ग्रुप दोनदा राहिला. पहिल्यांदा घरी सांगितलं, कारण पेपर वाईट गेलेत हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. दुसऱ्या वेळी मीही तुझ्यासारखंच "चांगले गेले" म्हणून बसले होते. निकाल लागला, ग्रुप राहिला आणि आईला मी फोनवर सांगितलं की निकाल लांबलाय. अकरा दिवस. बाराव्या दिवशी तिला माझ्या मावसबहिणीकडून कळलं, तीही परीक्षेला बसली होती. आई रागावली नाही. मी घरी गेले तेव्हा ती ज्वारी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "कालचाबी गुरुवार मी धरला होता गं तुझ्यासाठी." निकाल लागून गेल्यावरही ती माझ्या निकालासाठी उपास करत होती आणि मी तो करू दिला होता. त्या ग्रुपला मला किती मार्क पडले होते ते आज आठवत नाही. ते ताट, त्यातले ज्वारीचे खडे, आणि तिचं ते वाक्य आठवतं. तुझ्या आईनं नवस बोललाय हे वाचलं तेव्हा पेन खाली ठेवावं लागलं मला.

कसं सांगायचं तेही बोलू, कारण "सांगून टाक" म्हणणं सोपं असतं.

फोनवर सांगू नकोस. जूनचा दुसरा पंधरवडा आहे. तुमच्याकडे सोयाबीनच्या पेरण्या चालू असतील, दुकानात सकाळपासून रीघ असेल, बाबांचा फोन बहुतेक वेळा स्पीकरवर असेल. रात्रीची गाडी धर आणि घरी जा. पहिला दिवस काहीच बोलू नकोस, जेव, झोप. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात जाऊन बस. शटर अर्धं ओढून ते गल्ला मोजायला घेतील तेव्हा मोजणं पूर्ण होऊ दे. मग बोल. शब्द शोधत बसशील म्हणून मीच लिहून देते: "बाबा, पेपर चांगले गेले असं मी सांगितलं ते खरं नव्हतं. एएफएम फसलाय. ग्रुप निघेल की राहील मला माहीत नाही, दोन्ही होऊ शकतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. आता मला हे एकटीला पेलत नाही."

एवढंच. पुढे "पण पुढच्या वेळी नक्की काढते" असं जोडू नकोस. तोंडातून ते आपोआप येईल, तरी आवर. पुढच्या वेळचं वचन दिलंस की पुन्हा एक वाक्य सांभाळायला लागेल.

ते चिडतील कदाचित. "आधी का नाही बोललीस" म्हणतील. खरं उत्तर दे, "भीती वाटली." गप्प बसले तर गप्प बसू दे, उठून जाऊ नकोस. दुकानाची कुलपं लावून घरी चालत जाताना बरीच माणसं बोलती होतात. आणि त्यांच्याकडे एक गोष्ट स्पष्ट माग: गिऱ्हाइकांना जुलैचं सांगणं आता थांबवा. कुणी विचारलं तर "परीक्षा दिलीय, बघू" एवढं पुरे. आईला मात्र तू स्वतः सांग, बाबांवर सोपवू नकोस.

बाबा कसे घेतील याची तुला धास्ती आहे. मी त्यांना ओळखत नाही, त्यांचा धंदा मात्र ओळखते, माझ्या ऑफिसकडे असे चार-पाच दुकानदार हिशोबाला आहेत. पेरणी झाल्यावर पावसानं पंधरा-वीस दिवस दडी मारली की दुबार पेरणीचं बियाणं मागायला माणसं कुणाकडे येतात? त्यांच्याचकडे. पहिल्या पेरणीची उधारी अजून वहीत असते आणि माणूस काउंटरपुढे उभा असतो. तुझ्या बाबांनी असे चेहरे वर्षानुवर्षं पाहिले आहेत. त्यातल्या एकाला तरी ते "तुला शेती येत नाही" म्हणाले असतील का? आभाळानं काय केलं, कोणती जात घेतली होती, आता कमी दिवसांचं वाण घ्यायचं का, हेच विचारलं असेल. तू हे उदाहरण त्यांना देऊ नकोस हं, बापाला त्याच्याच दुकानातलं शहाणपण शिकवायचं नसतं. तू फक्त मनात ठेवून जा.

आता तुझ्या त्या बेरजेचं बघू. १५४ आणि १४१. ग्रुपच्या ३०० पैकी १५० हवेत आणि प्रत्येक पेपरात किमान ४०, हे तुला झोपेतही पाठ असेल. तुझी बेरीज रेषेच्या दोन्ही बाजूंना पडते याचा अर्थ तू नापास आहेस असा होत नाही. तुला माहीत नाही, एवढाच होतो. चौदा मार्कांचा प्रश्न राहिला म्हणजे उरलेले ८६ गेले असं नाही. गणित शेवटपर्यंत सुटलं नसलं तरी बरोबर केलेल्या टप्प्यांना मार्क मिळतात. टेलिग्रामवरची उत्तरं कोण टाकतं हे तुलाही माहीत नाही, मलाही नाही, मी त्यातली चुकलेली पाहिली आहेत. तो टेलिग्रामचा ग्रुप आज सोड. बेरीज शेवटची एकदा कागदावर कर, तारीख घाल आणि तो कागद हॉल तिकिटाबरोबर ठेवून दे.

एक आकडा मात्र जवळ ठेव. मे २०२५ च्या फायनलला पहिल्या ग्रुपला ६६,९४३ जण बसले होते, त्यातले १४,९७९ पास झाले. शंभरात बावीस-तेवीस. दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्या २९,२८६ जणांपैकी ५,४९०. त्याआधी नोव्हेंबर २०२४ ला दोन्ही ग्रुपचा निकाल १३.४४ टक्के होता. बाकीचेही नापास होतात म्हणून तू वाईट वाटून घेऊ नकोस, असं मला म्हणायचं नाही. दुसऱ्याच्या नापास होण्यानं कुणाचं पोट भरत नाही. पण तुमच्या लातूर जिल्ह्यात दहावी-बारावीचे निकाल नव्वदच्या भाषेत बोलले जातात आणि चौक त्याच मापानं सगळं मोजतो. या परीक्षेचं माप वेगळं आहे. इथे एक-दोनदा ग्रुप राहणं हा सीए होण्याच्या वाटेवरचा नेहमीचा टप्पा आहे, ज्यांच्या दारावर आज पाटी आहे त्यातले बरेच जण तिथूनच आलेत. बाबांशी बोलताना हा आकडा त्यांना जरूर दाखव. ते व्यापारी आहेत, त्यांना आकडा कळतो.

तरी नापास होणं म्हणजे काहीच नाही, असं मी तुला सांगणार नाही. पैसे जातात, महिने जातात, बरोबरीच्या मुली सही करायला लागतात आणि आपण अजून प्रश्न सोडवत बसतो. ते दुखतं. निकालाच्या दिवशी ग्रुप राहिला असं दिसलं तर रड, दोन दिवस कुणाशी बोलू नकोस हवं तर. पण तिसऱ्या दिवशी काय करायचं ते आजच ठरलेलं असू दे, कारण निकाल आणि सप्टेंबरचा फॉर्म यांच्यात फार दिवस नसतात आणि रडून सुजलेल्या डोळ्यांनी असले निर्णय होत नाहीत.

सीएची परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटनं २०२५ मध्ये फायनल वर्षातून तीनदा घ्यायचं ठरवलं: जानेवारी, मे, सप्टेंबर. ही सोय आहे आणि सापळाही आहे. माझ्या काळी सहा महिने थांबावंच लागायचं, त्यात माणूस सावरायचा. आता निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा पेपर, आणि मुलं घाबरून लगेच फॉर्म भरतात. मार्क बघून ठरव. तिन्ही पेपर चाळिसाच्या वर आहेत आणि बेरीज थोडक्यात गेली, किंवा एकटा एएफएम चाळिसाच्या खाली राहिला, तर सप्टेंबर दे. ऑडिटला किंवा एफआरला साठ पडले असतील तर नक्कीच दे. त्या पेपरची पुढच्या तीन अटेम्प्टपुरती सूट मिळते आणि ते साठ बेरजेत धरले जातात, म्हणजे उरलेल्या दोन पेपरांत मिळून नव्वद हवेत, दोन्हींत चाळीस सांभाळून. दोन महिन्यांत हे होण्यासारखं आहे. पण दोन पेपर चाळिसाच्या आत असतील तर सप्टेंबर सोड, जानेवारीची तयारी कर. त्यात हार नाही. घाईत दिलेला चौथा अटेम्प्ट माणसाला आतून पोखरतो, मी जवळून पाहिलंय.

आणि ग्रुप राहिला तर, पुढचा अभ्यास सुरू करायच्या आधी तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मागव. मुदतीत ऑनलाइन अर्ज करता येतो. आधीच्या दोन वेळा तू मागवली नसावीस, नाहीतर पत्रात लिहिलं असतंस. मुलं फेरतपासणीच्या आशेवर राहतात. त्यात बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात, पुन्हा मार्क देत नाहीत. खरा उपयोग स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः वाचण्याचा आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसातल्या एका आर्टिकलला ऑडिटला ३७ पडले. मुलगा हुशार, पेपर उत्तम गेला म्हणून शपथेवर सांगत होता. त्याची प्रत आली तेव्हा एका शनिवारी दुपारी आम्ही दोघं ती स्क्रीनवर घेऊन बसलो. पहिल्याच उत्तरात अर्धं पान प्रश्नातली हकीकत पुन्हा लिहून काढलेली. कंपनी अमुक, स्टॉक तमुक, ऑडिटरला मोजणी बघता आली नाही वगैरे. मग शेवटी एक ओळ, "म्हणून क्वालिफाइड ओपिनियन (सशर्त मत) द्यावं." ओपिनियन बरोबर होतं. पण ते का, हे कुठेच नव्हतं. परिणाम मटेरियल (मोठा) आहे पण पर्व्हेसिव्ह (सगळ्या हिशोबभर पसरलेला) नाही, म्हणून एसए ७०५ या ऑडिटच्या मानकाप्रमाणे क्वालिफाइड, हे त्याला येत होतं. मी विचारलं तर तोंडावर सांगितलं त्यानं. कागदावर नव्हतं. पाचपैकी दोन मार्क. पुढच्या चार उत्तरांत तेच. शेवटच्या प्रश्नापर्यंत अक्षर मोठं मोठं होत गेलेलं, दोन उपप्रश्न कोरे. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मी दीड वर्ष वाचत बसलो, लिहिलंच नाही." पुढचे तीन महिने त्यानं नवीन काही वाचलं नाही. रोज सकाळी घड्याळ लावून तीन उत्तरं लिहायचा, आधी तरतूद, मग ती या केसला कशी लागते, मग निष्कर्ष. ती मी लाल पेनानं तपासायचे. पुढच्या वेळी त्याला ५३ पडले.

तुझ्या एएफएमच्या उत्तरपत्रिकेत काय निघेल मला माहीत नाही. कदाचित चौदा मार्कांचा प्रश्न येत नव्हता म्हणून राहिला नसेल, आधीच्या एका गणितात वीस मिनिटं जास्त गेली म्हणून राहिला असेल. हे दोन वेगवेगळे आजार आहेत आणि दोन्हीवर "अजून जास्त अभ्यास" हे औषध नाही. दोनदा तू आजार न बघता तेच औषध घेतलंस, असं मला वाटतं.

मग हे तीन आठवडे काय करायचं? पुस्तक उघडलं की रडू येतं तर उघडू नकोस. इथे पुष्कळ जण माझ्याशी भांडतील, पण निकालाआधी अर्धवट मनानं केलेली रिव्हिजन मला कधी कुणाच्या कामी आलेली दिसली नाही. त्याऐवजी काम कर. जून-जुलै म्हणजे रिटर्नांचा हंगाम, उदगीर असो की लातूर, कुठल्याही सीएच्या ऑफिसात या दिवसांत हात कमी पडतात. आर्टिकलशिप पूर्ण झालेली, दुसरा ग्रुप निघालेली मुलगी महिनाभर यायला तयार आहे म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? डायरेक्ट आणि इनडायरेक्ट टॅक्स दोन्ही तू फायनलला काढलेत! पगार थोडा असेल. तो घे आणि या महिन्याची मेस स्वतः भर, रूमचं तुझं तू बघ. बाबांच्या पैशावर बसून बाबांशी खोटं बोलणं, हे जे तुला रात्री तीन वाजता खातंय, त्याचा निम्मा भाग तरी याने उतरेल.

नाहीतर दुकानात बस. तू त्यांची जीएसटीची रिटर्नं भरतेस असं लिहिलंस, किती सहज लिहिलंस. बियाण्यावर कर नाही, खतावर पाच टक्के, फवारणीच्या रासायनिक औषधांवर अठरा. ही बिलं वेगवेगळी लावायची, पोर्टलवर कंपन्यांनी दाखवलेल्या खरेदीशी ताडायची, ११ तारखेच्या आत एक, २० तारखेच्या आत दुसरं. हे काम बाबा बाहेरून करून घेतील तर पैसे मोजावे लागतील. तू ते दर महिन्याला करतेस आणि स्वतःला घरावरचा भार समजतेस.

घरी असताना एका संध्याकाळी बाबांबरोबर वही घेऊन बस आणि दोन गोष्टी लिहा. आतापर्यंत किती खर्च झाला आणि पुढच्या एका अटेम्प्टला किती लागेल, फॉर्म, रूम, मेस, टेस्ट सिरीज, सगळं धरून. आणि अजून किती अटेम्प्ट द्यायचे. मला विचारशील तर आणखी दोन. त्यातही ग्रुप निघाला नाही तर थांबायचं आणि कामाला लागायचं. अकाउंट्स, इंटर्नल ऑडिट, जीएसटी, या कामांना इंटर पास आणि आर्टिकलशिप झालेली माणसं लागतात आणि त्यांना बरा पगार मिळतो. पुढे कधी सीएमए (कॉस्ट अकाउंटन्सी) करावंसं वाटलं तर तोही रस्ता आहे. ही मर्यादा तू एकटीनं मनात ठरवू नकोस, बाबांसमोर वहीत लिही. कुठे थांबायचं ते लिहिलेलं असलं की माणूस पेपरला मोकळ्या हातानं बसतो.

मामांना आणि मुलाकडच्यांना काय सांगायचं ते बाबा बघतील. ते तुझं काम नाही. भावाशी मात्र तू बोल. तो बारावीला आहे, मोठ्या बहिणीनं ग्रुप राहिल्यावर काय केलं हे तो बघणार आहे. तू लपवलंस तर तोही पुढे लपवेल.

निकालाच्या दिवशी पुण्यात एकटी राहू नकोस, हे मात्र मी हट्टानं सांगते. घरी राहा. रजिस्ट्रेशन नंबर आणि रोल नंबर लागेल, तो एका चिठ्ठीवर लिहून आधीच बाबांच्या गल्ल्यात ठेव, आयत्या वेळी हॉल तिकीट सापडत नाही. साइटवर गर्दी असते, पान चटकन उघडत नाही, तेवढा वेळ फोन भावाकडे दे आणि तू गिऱ्हाइकाला तणनाशकाचं बिल करून दे. मैत्रिणींचे फोन येतील, त्या दिवशी उचलायलाच हवेत असं नाही. ग्रुप निघाला तर आईबरोबर नवस फेडायला जा. राहिला तर मला तिन्ही पेपरांचे मार्क वेगवेगळे लिहून पाठव आणि उत्तरपत्रिकेची प्रत आली की एएफएमची पानंही. सप्टेंबर की जानेवारी ते त्यावरून ठरवू.

पण ते पुढचं. आज रूममेटशी बोल आणि उद्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढ.

तुझी,
ताई